कुत्रा घरी आणण्याआधी: बृहन्महाराष्ट्र मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका



पुढच्या अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका ठरवायला बसाल तेव्हा नाटकं, मैफली, उद्योजकांच्या बैठका आणि जेवणाच्या रांगा यांतून एक जागा वाचवून ठेवा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे. 50 फूट लांब, 50 फूट रुंद, पाय घसरणार नाहीत अशी जमीन, एका सकाळपुरती. तिथे मला कुत्री आणायची आहेत.

हसू आलं असेल तर येऊ द्या, पण पत्र पुरतं वाचा. मी न्यू जर्सीत राहते, नोकरीतून निवृत्त झाले आहे. दक्षिणेकडच्या राज्यांतून येणारी बेघर कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते, म्हणजे सगळे म्हणतात तसं फॉस्टर करते. आणि आमच्या भागातल्या एका ट्रेनिंग क्लबात रॅली ओबीडियन्स हा कुत्र्याबरोबर खेळायचा खेळ शिकते. या दोन गोष्टी मी सुरुवातीला वेगवेगळ्या समजत होते. आता मला त्या वेगळ्या करता येत नाहीत आणि आपल्या लोकांना दोन्ही एकदमच सांगाव्यात असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी फॉस्टरबद्दल. शनिवारी भल्या पहाटे आय-95 लगतच्या एखाद्या पार्किंगमध्ये लांबलचक व्हॅन येऊन उभी राहते. जॉर्जिया, टेनेसी, दोन्ही कॅरोलिना, अशी कुठून कुठून कुत्री गोळा करत रात्रभर चाललेली. आत एकावर एक रचलेले क्रेट, प्रत्येकाला नाव, लसींची नोंद आणि व्हेटचं प्रमाणपत्र चिकटवलेलं. आम्ही पट्टे आणि जुने टॉवेल घेऊन थंडीत उभे. दक्षिणेत नसबंदीचं प्रमाण कमी, हिवाळा सौम्य, त्यामुळे वीण जवळपास वर्षभर चालू आणि शेल्टर कायम भरलेली. उत्तरेत त्या मानाने कुत्री कमी आणि घेणारे जास्त. 2005 च्या कॅटरिना वादळात बेघर झालेली जनावरं देशभर पाठवावी लागली आणि त्यानंतर या वाहतुकीची घडी बसत गेली. अमेरिकेतल्या शेल्टरांत वर्षाला 50 लाखांहून अधिक कुत्री-मांजरं येतात. त्यातली काही लाख तिथून जिवंत बाहेर पडत नाहीत. जितकी फॉस्टर घरं जास्त, तितके पिंजरे मोकळे, असा हा सरळ हिशेब आहे.

फॉस्टरचा कुत्रा तुमचा नसतो. मालकी रेस्क्यू संस्थेची, औषधपाण्याचा खर्च संस्थेचा, बऱ्याचदा खाणंही तिचंच. तुम्ही द्यायचं ते छप्पर, वेळ आणि खरीखुरी माहिती. लहान मुलं चालतात का, मांजर दिसलं की काय करतो, एकटा ठेवला तर दार ओरबाडतो का, गाडीत ओकतो का. पुढच्या घराला हे आधी कळलं तर कुत्रा परत येत नाही.

आता आपल्या समाजाकडे बघा. आपल्या घरांना बारा-चौदा वर्षं सांभाळायचा कुत्रा झेपत नाही. डिसेंबरात भारतवारी असते. नोकरी बदलली की राज्य बदलतं, व्हिसाची टांगती तलवार वेगळीच. नाशिकहून किंवा सांगलीहून फोन येतो आणि दोन दिवसांत विमान पकडावं लागतं. या सगळ्यात कुत्रा पाळणं जमत नाही हे बरोबरच आहे, पण दोन महिन्यांचा पाहुणा जमतो. जायच्या तारखा आधी कळवल्या तर संस्था तुमच्या वारीच्या अलीकडचा किंवा पलीकडचा कुत्रा देते. मोडता घालणाऱ्या ज्या ज्या अडचणी आपण सांगतो, त्या कुत्रा पाळण्याच्या आड येतात, फॉस्टर करण्याच्या नाही. आणि तरीही आपल्या ओळखीपाळखीत कुत्रा येतो तो हजारो डॉलर मोजून घेतलेला गोल्डनडूडल, कारण म्हणे केस गळत नाहीत. कोणी काय घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. फक्त तीन वर्षांनी तोच डूडल 'आता वेळ होत नाही' म्हणून आमच्याच संस्थेच्या दारात येतो, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

इथवर वाचून एखादं दयाळू कुटुंब म्हणेल, चला, उद्याच आणू. तिथेच मला थांबवायचं आहे.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बोलायला माणूस नाही. त्यांना सोबत म्हणून कुत्रा, हा विचार कितीतरी घरांत डोकावतो. विचार चांगला आहे आणि धोक्याचाही. साठ पौंडांचा, म्हणजे सत्तावीस किलोचा हाउंड, जानेवारीतला बर्फ, बाहत्तर वर्षांचे आजोबा आणि समोर खार. खुब्याचं हाड मोडायला एवढं सामान पुरतं. यात कुत्र्याची काही खोट नाही. ओढलं की हवं तिथे पोचता येतं, हे त्याला आजवर प्रत्येक माणसाने शिकवलेलं असतं. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं' ही म्हण आपण किती सहज वापरतो. कुत्र्याला शिकवायला बसलेल्या माणसाने ती केली नसावी. नुसत्या मायेने पट्टा सैल होत नाही. पट्टा सैल करायला हातापायांना वळण लागतं, आणि ते लावणारी मला माहीत असलेली सगळ्यांत चांगली शाळा म्हणजे रॅली.

रॅली ओबीडियन्स इथलीच. कॅन्ससच्या चार्ल्स उर्फ बड क्रेमर यांनी ती बसवली. जुन्या ओबीडियन्स स्पर्धेत परीक्षक हुकूम सोडणार, हँडलरने, म्हणजे कुत्र्याला घेऊन चालणाऱ्याने, तो निमूट पाळायचा, कुत्र्याला ठरलेला शब्द एकदाच सांगायचा, बाकी तोंड बंद. क्रेमरांनी मोटारींच्या रॅलीची तऱ्हा उचलली. रिंगणात जागोजागी पाट्या, प्रत्येक पाटीवर एक कृती. कुत्र्याला डाव्या हाताला घेऊन पाटी वाचायची, सांगितलेलं करायचं आणि चालत्या पावलांनी पुढच्या पाटीकडे जायचं. परीक्षक 'तयार?' आणि 'चला' एवढंच म्हणतात. अमेरिकन केनेल क्लबने 2005 पासून तिला पदव्या देणाऱ्या स्पर्धेचं स्थान दिलं. नवशिक्यांच्या नोव्हिस वर्गात 10 ते 15 पाट्या असतात आणि कुत्रा पट्ट्यावर असतो. सुरुवात 100 गुणांनी, चूक होईल तसे वजा, 70 उरले की पात्र. असे तीन निकाल, किमान दोन वेगळ्या परीक्षकांकडून, की पहिली पदवी. वरच्या वर्गांत पट्टा सुटतो.

पाट्यांवर असतं ते असं: थांबा, बसवा. थांबा, बसवा, झोपवा. बसलेल्या कुत्र्याभोवती फेरी मारा. उजवीकडे 270 अंश वळा. हळू चाला. वेगाने चाला. शंकूंमधून नागमोडी जा. वरच्या वर्गातली एक पाटी खाऊच्या दोन झाकलेल्या भांड्यांजवळून इंग्रजी आठाच्या आकारात चालायला लावते. कांदाभजींचा वास सुटलेला असताना उपवासाचे वरीचे तांदूळ रांधणाऱ्या बाईलाच त्या कुत्र्याचं दुःख कळेल.

नियमांत मला सगळ्यांत आवडतं ते हे. कुत्र्याशी वाटेल तेवढं बोला, शाबासकी द्या, टाळी वाजवा, मांडीवर थाप मारा, तेच दोनदा सांगा, गुण जात नाही. पट्टा ताणला की जातो. दरडावलं की जातो. कुत्र्याला हात लावून बसवायचं नाही, आणि केनेल क्लबच्या रिंगणात खाऊ न्यायचा नाही. म्हणजे सरावात खाऊ देऊन शिकवा, पण परीक्षेच्या वेळी तुमच्याकडे उरतात दोन पाय, आवाज आणि कुत्र्याशी जमलेलं सूत. मार खाऊन आलेल्या, हात उचलला की अंग चोरणाऱ्या कुत्र्यासाठी याहून बरा अभ्यासक्रम कोणी मुद्दाम लिहायला बसला असता तरी निघाला नसता.

पाट्या माणसाने वाचायच्या असतात, त्यामुळे शिकावंही माणसालाच जास्त लागतं. कुत्र्याला सोबत न्यायचं तर डावा पाय आधी टाकायचा, त्याला बसवून ठेवून आपण जायचं तर उजवा. कुत्र्याच्या डोळ्यासमोर तुमचा डावा पायच असतो, तो त्यावरून समजतो. कुत्रा मागे रेंगाळला म्हणून नवखा हँडलर हमखास मागे वळून बघतो. बघितलं की डावा खांदा मागे जातो, छाती कुत्र्याकडे वळते, आणि ते कुत्र्याला 'थांब' म्हटल्यासारखं वाटतं. तो आणखी रेंगाळतो. आमच्या शिक्षिकेचं पालुपद एकच, पुढच्या पाटीकडे बघा. उजव्या वळणात कुत्रा बाहेरच्या अंगाला असतो, त्याला वळसा मोठा पडतो, म्हणून त्याने वेग धरायला हवा. डाव्या वळणात तो आतल्या अंगाला, त्याने वेग आवरायचा. हे त्याला वळणावर सांगून उपयोग नाही, दोन पावलं आधी आपल्या चालीतून कळलं पाहिजे. पट्टा डाव्या हातात, मध्ये झोळ पडेल इतका सैल. झोळ गेला की आपण काहीतरी उशिरा सांगितलं असं समजायचं. क्लबात निवृत्त पोस्टमन आहेत, नर्स आहेत, एक बाई वॉकर घेऊन चालतात आणि त्यांचा ठेंगणा कॉर्गी वॉकरच्या बाजूने टेचात चालतो. पळता न येणाऱ्या माणसाला हा खेळ बंद नाही, हे आपल्या ज्येष्ठांच्या उत्तररंग उपक्रमातल्या मंडळींनी खास ऐकावं.

एका कुत्र्याबद्दल जरा सविस्तर सांगते. बून जॉर्जियातून आला. ट्रीइंग वॉकर कूनहाउंडचा अंश, गालाखाली लोंबणारे कान, पाठ काळी, पाय पांढरे, तोंड तपकिरी. कागदावर शेरा: हार्टवर्म. डासांतून पसरणारा हा जंत हृदयात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत वाढतो आणि दक्षिणेत फार आढळतो. उपचार म्हणजे कंबरेजवळच्या स्नायूत इंजेक्शनं: एक दिल्यावर महिन्याने दुसरं, आणि चोवीस तासांनी तिसरं. मेलेल्या जंतांचे तुकडे रक्तातून वाहत जातात आणि कुत्रा पळाला, उड्या मारू लागला, तर फुप्फुसाची रक्तवाहिनी तुंबते. म्हणून काही महिने पळणं बंद, जिना बंद, अंगणात पट्ट्यावर शू करायची आणि घरात यायचं. तरुण हाउंडला असं डांबून ठेवणं काय असतं ते त्याच्या घरच्यांना विचारावं. दुपारी तीन वाजता तो जो गळा काढायचा, तो दोन घरं पलीकडे ऐकू जायचा.

व्हेटला विचारून मी रॅलीची एक पाटी छापून फ्रिजवर लोहचुंबकाने लावली. पाटी अशी आहे: थांबून बसवा; एक पाऊल, थांबून बसवा; दोन पावलं, थांबून बसवा; तीन पावलं, थांबून बसवा. हिच्यात चालणं फार थोडं. ओटा आणि फ्रिज यांच्यामधली जागा तिला पुरते. अडचण निराळीच निघाली. बून फरशीवर पायच ठेवेना. दिवाणखान्यातला गालिचा संपतो तिथे चारही पाय रोवून उभा, नखं गालिच्यात रुतवलेली, मान पुढे ताणलेली, मागचं धड मागेच. मी फरशीवर मांडी घालून बसले आणि पनीरचे मुगाएवढे तुकडे गालिच्याच्या कडेपासून एकेका बोटाच्या अंतरावर ठेवत गेले. ओढायचं नाही, बोलवायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. आधी जीभ आली, मग एक पंजा. पंजा फरशीला लागल्यावर त्याने तो उचलून बघितला आणि पुन्हा टेकवला. त्या दिवशी एवढंच.

पुढे पावलं जमली तेव्हा तो माझ्या डाव्या चपलेकडे बघत चालायला लागला. चप्पल हलली की हलायचा, थांबली की बसायचा, बसायचा तोही एका कुल्ल्यावर कलून, मागचा पाय बाहेर टाकून. स्पर्धेत अशा वाकड्या बसण्याला गुण कापतात. मी कधी सरळ केलं नाही. घराचं दार उघडताना, पोस्टाची गाडी गेली तेव्हा, व्हेटच्या वजनकाट्यावर चढताना, मी तीच पाटी मनात आणायचे: एक पाऊल, बस. घाबरलेल्या जनावराला पुढे काय होणार हे आधी माहीत असण्याचा फार आधार असतो. उपचार पुरे झाल्यावर तो पेनसिल्व्हेनियातल्या एका जोडप्याकडे गेला. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कुत्र्याच्या सामानात मी फ्रिजवरची पाटी घातली आणि ती कशी करायची ते त्यांना दोघांना अंगणात उभं करून दाखवलं.

बूनला मी स्पर्धेत उतरवलं नाही, उतरवता आलंही नसतं. स्पर्धेला केनेल क्लबचा क्रमांक लागतो, आणि फॉस्टरचा कुत्रा तर संस्थेचा. रिंगणात माझ्याबरोबर उतरतो तो घरचा बंड्या, अठरापगड जातीचा. अमेरिकन केनेल क्लब शतकाहून अधिक काळ शुद्ध वंशावळीचं दप्तर सांभाळत आला. संकरित कुत्र्यांना रॅली, ओबीडियन्स आणि अजिलिटीची दारं उघडली ती 2010 साली. इतका उशीर का लागला याचं पटण्याजोगं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. जातीचे दाखले मागणाऱ्या संस्था आपल्याला काही नव्या नाहीत, म्हणून मला ते जास्त बोचतं. पण दार उघडलं हे खरं आणि आता बंड्या वंशावळवाल्या शेल्टींबरोबर त्याच पाट्यांवर चालतो.

स्पर्धा बघायला तुम्ही एकदा जाच, आणि वर्ग सुरू होण्याआधी जा. हँडलरांना रिंगण पाहायला थोडी मिनिटं देतात, कुत्र्याशिवाय. वीसेक मोठी माणसं पाट्यांचा नकाशा हातात घेऊन रिंगणात शिरतात. डावा हात पोटाशी, जणू पट्टा धरलाय. ओठ हलतायत. एक गृहस्थ शंकूभोवती गिरकी घेतात आणि गुडघ्याजवळच्या हवेला म्हणतात, 'शाब्बास, चल चल'. दुसऱ्या बाई थांबतात, खाली मोकळ्या गालिच्याकडे कौतुकाने बघतात, पुढे जातात. कोणी कोणाला हसत नाही. लग्नात विधी सांगणाऱ्या गुरुजींच्या चेहऱ्यावरसुद्धा इतकं गांभीर्य मी पाहिलेलं नाही. मग एकेक जोडी आत येते, दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं आणि पात्र ठरलेल्यांना हिरवी फीत मिळते.

फॉस्टरच्या कुत्र्यासाठी फितीपेक्षा उपयोगाची गोष्ट निराळी आहे. केनेल क्लबची 'कनाइन गुड सिटिझन' ही चाचणी 1989 पासून चालू आहे आणि ती कोणत्याही कुत्र्याला देता येते. 10 गोष्टी पाहतात: अनोळखी माणूस येऊन बोलला तर कसा वागतो, अंगावर हात फिरवू देतो का, सैल पट्ट्यावर चालतो का, गर्दीतून जातो का, दुसरा कुत्रा दिसला तर काय, मोठा आवाज झाला तर काय, तीन मिनिटं परक्याच्या हाती ठेवला तर काय. रॅलीच्या नोव्हिस पाट्या येणाऱ्या कुत्र्याची निम्मी तयारी आपोआप झालेली असते. 'छान आहे हो, प्रेमळ आहे' असं फॉस्टर आईने म्हणणं आणि हे प्रमाणपत्र हातात ठेवणं, यात कुत्रा देणारे आणि घेणारे दोघंही फरक करतात.

आता आपल्याकडच्या शंका. देवघर असलेल्या घरात कुत्रं? त्या देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, जाऊन मोजा. रेबीज? भारतात लहानपणी पोटरीला धरणारी कुत्री पाहिलेल्यांची भीती खरी आहे, मी ती धुडकावत नाही. पण कुत्र्यांत पसरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेतून 2007 साली हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. वटवाघळं, रॅकून यांच्यात रोग आहे, म्हणून लस टळत नाही, आणि रेस्क्यूचा मोठा कुत्रा लस घेऊनच येतो. शाकाहारी घर? शिकवण्याच्या खाऊला पनीर, चीज, उकडलेलं रताळं, गाजर चालतं. रोजचं खाणं संस्था देते ते डब्यातून काढून वाडग्यात घालायचं. खरा धोका आपल्याच डब्यांत आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट हे कुत्र्याला विष आहे. आपली एक भाजी कांदा-लसणाशिवाय होत नाही, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. आजी मायेने प्रसादाचा घास भरवणार. तेव्हा घरात कुत्रा यायच्या आधी आजीला ही यादी मराठीत लिहून द्या आणि फ्रिजवर चिकटवा.

गणपतीत ढोल-ताशाच्या दिवशी, चार जुलैला आणि दिवाळीच्या फटाक्यांना फॉस्टर कुत्रा मिरवायला न्यायचा नाही. नवा कुत्रा पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना दाखवायचा नाही. रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ ठोकताळा सांगतात: तीन दिवस भांबावलेला, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत आपलंसं वाटतं. वर्गाला नेणं पहिल्या टप्प्यात बसत नाही, तोवर स्वयंपाकघरातली पाटी पुरे. आणि रॅलीने सगळं बरं होतं असा माझा दावा नाही. चावलेला कुत्रा, दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडणारा कुत्रा, यांना वर्तनतज्ज्ञ व्हेट लागतो आणि अनुभवी घर लागतं. असा कुत्रा कोणी तुम्हाला 'प्रेमाने सुधारेल' म्हणून द्यायला आलं तर नाही म्हणा. गाडीच्या मागे 'कोणी कोणाला वाचवलं' असं चिकटवून फिरणाऱ्यांना हे कठोर वाटतं. वाटू द्या.

माझ्या मागण्या अशा. अधिवेशनातल्या त्या सकाळी यजमान शहरातल्या एखाद्या ट्रेनिंग क्लबला बोलवा, त्यांच्या शिकलेल्या कुत्र्यांची रॅली लोकांना बघू द्या आणि मग हौशी माणसांना कुत्र्याशिवाय तीच वाट चालून पाहू द्या. हॉटेलशी करार करतानाच कुत्र्यांचं कलम घाला, नंतर घोळ होतो. दुसरं, उत्तररंगच्या कार्यक्रमांत 'सैल पट्ट्यावर चालणं' हा एक तास ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांसकट सगळ्यांसाठी. तिसरं, मराठी शाळांतल्या मोठ्या मुलांना हायस्कूलसाठी स्वयंसेवेचे तास हवेच असतात. शेल्टरमध्ये कुत्री फिरवायला वयाची अट असते, पण पाट्या लावणं, गुण मांडणं, दत्तक घेणाऱ्यांसाठी कुत्र्याची माहिती नीट लिहिणं हे ती करू शकतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आपण त्यांना पहिल्याच वर्षी सांगतो. पुढचा धडा शिकवायची वेळ त्यांच्या चौदाव्या वर्षी येते. आणि चौथं, स्थानिक मंडळांकडून एक यादी करवून घ्या: कोणाचं घर, कोणते महिने, कुंपण आहे की नाही, भाड्याच्या घरात किंवा सोसायटीत कुत्र्याला परवानगी आहे की नाही. यादीत नाव घालायला एकच अट ठेवा, घरातल्या एका तरी माणसाने आधी हँडलिंगचा वर्ग केलेला असावा. अट शिथिल करू नका. घाईने आलेला आणि घाईने परत गेलेला कुत्रा पुढच्या घरात दुप्पट अवघड होतो, आणि तो परत घेणारी माणसं आम्हीच असतो.

कार्यकारिणीत हा विषय चर्चेला येईल तेव्हा मला बोलवा. प्रश्नांची उत्तरं द्यायला मी माझ्या खर्चाने येईन.

आपली,
न्यू जर्सीतली एक आजीव सभासद

ता. क. सध्या माझ्याकडे साधारण पाच वर्षांची तपकिरी कुत्री आहे, वजन 40 पौंड, हार्टवर्म नाही, नसबंदी झालेली. सैल पट्ट्यावर चालते, गाडीत शांत बसते, मोठ्या मुलांशी चांगली वागते. मांजर असलेलं घर तिला चालणार नाही. हिंडवायला सकाळ-संध्याकाळ वेळ असलेल्या कुटुंबाने मंडळामार्फत कळवावं.